ग्रहण सातव्या महिन्यातलं, उणीव सातव्या आठवड्यातली

वाचक आजींचं पत्र:

"मी निवृत्त शिक्षिका. प्रवरेच्या पाटावर आमचं गाव आहे. डिसेंबरमध्ये नातू झाला. दोन दिवस झाले तरी बाळाने शी केली नाही, पोट टम्म झालं, हिरवी उलटी झाली, म्हणून शहरातल्या रुग्णालयात हलवलं. तपासण्यांत हिर्शस्प्रुंग नावाचा आजार निघाला. सध्या पोटावर शीची पिशवी आहे, मोठं ऑपरेशन पुढे आहे. डॉक्टर म्हणाले, आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी पोचल्याच नाहीत, आणि कागदावर 'न्यूरल क्रेस्ट' असं लिहून दिलं.

7 सप्टेंबरच्या चंद्रग्रहणाला सून सातव्या महिन्यात होती. मी नको म्हणत असताना तिने सुरीने पेरू कापून खाल्ला. बाळाचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून गेलं, 'तेव्हाच सांगितलं होतं.' त्या दिवसापासून सून माझ्याशी कामापुरतं बोलते. मुलगा म्हणतो, आई, तू विज्ञान शिकवायचीस ना? शिकवायचे. पृथ्वीची सावली फळ्यावर काढून दाखवायचे. तरी मनातून जात नाही. खरंच काही संबंध नसतो का? त्या पेशी म्हणजे काय, त्या का पोचत नाहीत? पुढच्या बाळाला असंच होईल का? आणि सुनेशी आता काय बोलू?"

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलंय. संबंध नाही. थोडासाही नाही. आणि हे 'विज्ञान सांगतं म्हणून' एवढ्यावर सोडत नाही, तारखा मांडून दाखवते. पाटीवर तुम्हीही मांडून बघा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सातवा महिना आणि बाळंतपण डिसेंबरात, म्हणजे शेवटची पाळी मार्चच्या आरंभी आणि गर्भ राहिला मार्चच्या मध्याला. चार दिवस इकडेतिकडे धरा. आतड्याचं मज्जाजाळं ज्या पेशींपासून होतं, त्या गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या वरच्या टोकाशी भिंतीत शिरतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत खाली गुदाशयाशी पोचतात. तुमच्या नातवाच्या बाबतीत हे एप्रिलच्या मध्याला सुरू झालं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपायला हवं होतं. अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती. त्या दिवशी तुमचा नातू जेमतेम दीड सेंटिमीटर लांब होता आणि सुनेची पाळी चुकून साधारण महिनाच झाला असेल. ग्रहण लागलं ते त्यानंतर चार महिन्यांनी. ज्या रात्री तिने पेरू कापला, त्या रात्री आतड्यात काय पोचलंय आणि काय नाही, हे केव्हाच ठरून गेलं होतं.

आता घरातलं कुणीतरी पंचांग उघडून म्हणेल की मार्चमध्येही दोन ग्रहणं होती. होती. 14 तारखेला चंद्राचं आणि 29 ला सूर्याचं, दोन्ही भारतातून दिसली नाहीत. आणि 7 सप्टेंबरचं मात्र देशभर दिसलं, तेव्हा देशात कोटीहून जास्त बायका गरोदर होत्या. त्यांतल्या कित्येकींनी त्या रात्री भाजी चिरली असेल, झोपून राहिल्या असतील, गच्चीवर जाऊन चंद्र पाहिला असेल. हा आजार जगात साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, ज्या देशात ग्रहणाचं कुणी काही पाळत नाही तिथेही.

गरोदरपणात बाहेरच्या कशाचाच बाळावर परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांत पोटात गेल्या तर ह्याच पेशींची वाट लागते आणि बाळाचा चेहरा, कान, हृदय ह्यांत दोष राहतात. दारूचंही तसंच, ती ह्या पेशी मारते. म्हणजे चौकशीच करायची तर ती अशा गोष्टींची, आणि त्याही पहिल्या दोन महिन्यांतल्या. पण हे वाचून सुनेला लगेच 'तू मुरमांच्या गोळ्या घेतल्या होत्यास का' असं विचारायला जाऊ नका. डॉक्टरांनी औषधांची माहिती घेतलेली असणार.

आता त्या पेशी. इथे मी जरा रमणार आहे, कारण माझी नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात गर्भशास्त्र शिकवण्यात गेली आणि हा धडा माझ्या सगळ्यांत आवडीचा.

गर्भ तीन आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या पाठीकडे पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि मधोमध जुळून नळी होते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. ज्या कडा जुळल्या, त्या सांध्यावरच्या पेशी म्हणजे न्यूरल क्रेस्ट. शेजारच्या पेशींशी चिकटवून ठेवणारी त्यांची प्रथिनं बदलतात, त्या सुट्या होतात आणि चालू लागतात. गर्भातल्या बहुतेक पेशी जन्मल्या तिथेच आसपास कामाला लागतात. ह्या मात्र शरीरभर पांगतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं आणि जबडा ह्यांच्यापासून होतात. दाताच्या आतलं डेंटिन, कातडीतल्या रंगपेशी, मणक्यांशेजारच्या संवेदी मज्जागाठी, ॲड्रिनल ग्रंथीचा गाभा, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधला पडदा, हेही त्यांचंच. आणि मानेच्या पातळीवरून निघालेली एक तुकडी अन्नमार्गाच्या भिंतीतून खाली उतरत, वाटेत आपली संख्या वाढवत, घशापासून गुदद्वारापर्यंत मज्जापेशींचं जाळं विणते.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस ह्यांनी कोंबडीच्या गर्भात ही पट्टी 1868 मध्येच पाहिली होती. पण तिच्यातून काय काय बनतं हे सांगणाऱ्या ज्युलिया प्लॅट ह्या अमेरिकी बाईंवर कुणी विश्वास ठेवला नाही. 1890 च्या दशकात त्यांनी नेक्ट्युरस नावाच्या सॅलॅमँडरच्या गर्भात पाहिलं की डोक्यातली कूर्चा गर्भाच्या बाहेरच्या थरातून येते. त्या काळी शिकवलं जायचं की बाहेरच्या थरातून कातडी आणि मज्जासंस्था, मधल्या थरातून हाडं आणि कूर्चा, आणि ह्यात बदल नाही. मोठमोठ्या प्राध्यापकांनी बाईंना उडवून लावलं. विद्यापीठात नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्या कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह ह्या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिल्या आणि 1931 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तिथल्या महापौर झाल्या. गावाचा समुद्रकिनारा राखून ठेवला. गर्भशास्त्रात त्यांचं म्हणणं खरं ठरायला पुढची कित्येक दशकं गेली.

तुम्हाला आवडतील त्या दुसऱ्या बाई, फ्रान्सच्या निकोल ल द्वारँ. संशोधनात येण्याआधी त्याही काही वर्षं शाळेत शिकवत होत्या. 1969 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की जपानी बटेराच्या पेशीकेंद्रात एक ठळक गडद ठिपका असतो आणि कोंबडीच्या पेशीत तो तसा नसतो. बस्स, एवढ्यावर त्यांनी सगळं उभं केलं. कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडायची, दोन दिवसांच्या गर्भातून मज्जानळीचा बारीक तुकडा काढायचा आणि तिथे बटेराच्या गर्भातला तेवढाच तुकडा बसवायचा. अंडं बंद करून पुन्हा उबवायला ठेवायचं. मग काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, ठिपकेवाल्या पेशी कुठे कुठे गेल्या. काही पिल्लं अंड्यातून बाहेरही आली, अंगावर पांढऱ्या पिसांत बटेराच्या तपकिरी पिसांचा आडवा पट्टा घेऊन. 1973 मध्ये त्यांनी आणि मारी-एमे तेय्ये ह्यांनी दाखवलं की आतड्यातल्या मज्जापेशी मुख्यतः मानेच्या पातळीवरून येतात, आणि शेपटाकडून निघालेल्या थोड्या पेशी आतड्याच्या शेवटच्या भागात भर घालतात. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेल्या त्या दोन शब्दांमागे ही एवढी कामगिरी आहे.

मग त्या पोचत का नाहीत? पाटावरच्या माणसाला हे समजावायला फार बोलावं लागत नाही. धरणातून पाणी कमी सुटलं, वर कुठे फुटलं, कुणी डोंगळे (चोरून पाणी ओढणारे पाइप) टाकून उपसलं, कारण काहीही असो, कोरडं राहतं ते टेलचंच, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचं शिवार. ह्या पेशींचंही तसंच. निघतानाच संख्या कमी पडली, वाटेत वाढ मंदावली, किंवा पोचायच्या आधीच त्या पक्व होऊन थांबल्या, तर ह्या तिन्हींचा फटका आतड्याच्या शेवटच्या भागाला बसतो. म्हणून हिर्शस्प्रुंगमध्ये मोजमाप नेहमी गुदद्वारापासून वर करतात, आणि दहातल्या साधारण आठ बाळांत उणीव गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरतीच असते.

पेशींना वाट कोण दाखवतं, तेही बरंचसं माहीत आहे. आतड्याची भिंत जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडते आणि पेशींच्या अंगावर ते ओळखणारं रेट नावाचं प्रथिन असतं. त्याच्या ओढीने त्या पुढे जातात, जगतात, वाढतात. एंडोथेलिन-3 नावाचा दुसरा संदेश त्यांना घाईने पक्व होऊ देत नाही. ह्यांतल्या कुठल्याही जनुकात खोट असली की शेवटचा टप्पा धोक्यात येतो. रेट जनुकाचा ह्या आजाराशी संबंध 1994 मध्ये कळला. नंतर 2005 मध्ये अरविंद चक्रवर्ती ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने दाखवलं की रेटच्या कामाचं प्रमाण ठरवणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्यातला लहानसा फरक ह्या आजाराचा धोका वाढवतो, आणि तो फरक आशियाई लोकांत तर अगदी सर्रास आढळतो. ज्यांच्यात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही. असे अनेक बारीक फरक एकत्र यावे लागतात, त्यात नशिबाचा भाग यावा लागतो, मग कुठे एखाद्या बाळाचं आतडं अपुरं राहतं. मुलांत हे मुलींच्या साधारण चौपट दिसतं.

इथे एक सूचना देऊन ठेवते. ग्रहणाचा खटला मागे घेतल्यावर काही घरांत लगेच दुसरा उभा राहतो: दोष कुणाच्या घराण्यातला, आमच्या की तिच्या माहेरचा? तो उभा राहू देऊ नका. बाळाची निम्मी जनुकं तुमच्या मुलाकडून आली आहेत, आणि त्याला त्यांतली निम्मी तुमच्याकडून. माहेरच्या बाजूने बोट दाखवायला गेलात तर निम्मं बोट स्वतःकडे वळेल.

ह्या आजाराचा इतिहासही चुकीचा गुन्हेगार पकडण्याचाच आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग ह्यांनी 1886 मध्ये बर्लिनच्या सभेत दोन बाळांची हकिगत मांडली. दोघांनाही जन्मापासून बद्धकोष्ठ, दोघांचंही मोठं आतडं प्रचंड फुगलेलं, दोघंही दगावली. साहजिकच सगळ्यांना वाटलं की फुगलेला भाग रोगट आहे. पुढची साठ वर्षं शल्यचिकित्सक तोच कापत राहिले आणि मुलं बरी होईनात. फुगलेला भाग खरं म्हणजे धडधाकट होता, पुढे रस्ता बंद म्हणून ताण सोसत होता. रोग होता त्याच्या खालच्या, दिसायला अगदी साध्या वाटणाऱ्या अरुंद भागात. मज्जापेशी नसल्यामुळे तो कायम आवळलेला राहतो, सैल पडत नाही, म्हणून शी पुढे सरकत नाही. 1948 मध्ये बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन ह्यांनी तो अरुंद भाग काढून वरचं चांगलं आतडं गुदद्वाराशी आणून जोडलं, आणि तिथून मुलं जगायला लागली. तुमच्या नातवाचं ऑपरेशन त्याच तत्त्वाचं असेल, पद्धतींत फरक आहेत.

ऑपरेशनच्या टेबलावर काय चालतं तेही सांगते, म्हणजे बाहेर बसल्यावर 'इतका वेळ का लागतोय' ह्याचा घोर लागणार नाही. सर्जन आतड्याच्या भिंतीचे बारीक तुकडे काढून शेजारच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे ते गोठवून काप काढतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निरोगी आतड्यात स्नायूंच्या दोन थरांमध्ये मज्जापेशींची छोटी बेटं दिसतात: मोठ्या पेशी, फिकट गोल केंद्र, त्यात एक ठसठशीत टिकली. तुमच्या नातवाच्या खालच्या भागात ही बेटं नाहीत, नुसते जाड झालेले मज्जातंतू आहेत. बेटं दिसेपर्यंत सर्जन वर वर सरकतात आणि जिथे ती चांगली भरलेली दिसतात तिथलं आतडं खाली आणतात. ह्या वाट बघण्यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

तुम्ही मुलांना पृष्ठवंशी आणि अपृष्ठवंशी प्राणी शिकवलेत, म्हणून आणखी एक सांगायचा मोह होतोय. कण्यावरून आपण हे दोन गट पाडतो खरे, पण ह्या पेशी ही पृष्ठवंशीयांची कण्याइतकीच पक्की खूण आहे. हॅगफिश ह्या जबडा नसलेल्या समुद्री माशाला धड मणके नाहीत, पण त्याच्या गर्भात ह्या पेशी असल्याचं 2007 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपला दूरचा नातलग ॲम्फिऑक्सस वाळूत अर्धा पुरून पाणी गाळत बसतो. त्याच्याकडे मज्जानळी आहे, ह्या पेशी नाहीत, आणि जबडा, कवटी, धड चेहरा ह्यांतलंही काही नाही. समुद्रात खडकांना चिकटून राहणाऱ्या सायोना ह्या प्राण्याच्या गर्भात ह्यांची चाहूल लागते. मज्जापट्टीच्या कडेच्या काही पेशींपासून त्याच्या रंगपेशी होतात, पण त्या लांब जात नाहीत. 2012 मध्ये संशोधकांनी त्या पेशींत ट्विस्ट नावाचं एकच जनुक मुद्दाम चालू केलं आणि त्या हिंडू लागल्या. 1983 मध्ये गॅन्स आणि नॉर्थकट ह्या दोघांनी मांडलं होतं की पृष्ठवंशीयांचं डोकं हीच नवी निर्मिती आहे, आणि ती मुख्यतः ह्या भटक्या पेशींमुळे शक्य झाली. गाळून खाणारा प्राणी चावून खाऊ लागला तो त्यानंतर.

आतड्याची गोष्ट ह्यात आणखी गमतीची आहे. लॅम्प्री नावाच्या, जबडा नसलेल्या माशात ह्या पेशी आहेत, पण मानेकडून निघून आतड्यात उतरणारी तुकडी नाही. 2017 मध्ये मरियान ब्रॉनर ह्यांच्या गटाला दिसलं की त्याच्या आतड्यातल्या मज्जापेशी धडाकडच्या पेशींपासून, मज्जातंतूंच्या कडेकडेने येतात. मानेपासून थेट गुदाशयापर्यंतचा लांब प्रवास ही जबडेवाल्यांनी नंतर घातलेली भर दिसते. शार्क, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळे आता त्याच व्यवस्थेवर चालतात. ती फार गुणाची आहे, पण लांबच्या प्रवासात शेवटी तूट येण्याची शक्यता तिच्यात पहिल्यापासून आहे. उंदरांत आणि घोड्यांतही अशी पिल्लं जन्मतात. तिथे ना सासू, ना पेरू.

तुमच्या घरी मांजर असेल तर तिचं पोट आणि पाय बघा. पांढरे असले तर तोही ह्याच पेशींचा हिशेब. रंगपेशी पाठीकडून निघतात आणि कमी पडल्या तर पोट, पंजे, कपाळ ही लांबची ठिकाणं कोरी राहतात. माणसातही क्वचित तसं होतं, आणि त्याचा तुमच्याशी संबंध आहे म्हणून सांगते. रंगपेशी आतल्या कानातही लागतात, त्या नसल्या तर ऐकू येत नाही. 1951 मध्ये वार्डेनबुर्ख ह्या डच नेत्रतज्ज्ञांनी कपाळावर पांढरी बट, फिकट निळे डोळे आणि बहिरेपणा असा संच नोंदवला. 1981 मध्ये मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. के. एन. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काही नवजात बाळांत पांढरी बट आणि हिर्शस्प्रुंग एकत्र येतात. आज जगभरच्या पुस्तकांत हा प्रकार वार्डेनबुर्ख-शहा म्हणून ओळखला जातो. तो दुर्मीळ आहे. तरी बाळाच्या केसांत पांढरी बट आहे का, डोळे विलक्षण निळे आहेत का, हे बघा आणि श्रवणचाचणी झाली नसेल तर करून घ्या. आपल्याकडचे घारे डोळे ह्यात मोजू नका, ते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत आणि निरोगी आहेत. बाळाच्या हृदयाची आणि डाऊन सिंड्रोमची तपासणी झाली आहे का, हेही डॉक्टरांना विचारा, कारण हे दोन्ही ह्या आजाराबरोबर कधीकधी येतात.

पुढच्या बाळाचं: उणीव आतड्याच्या शेवटच्या भागापुरती असेल, तर अशा मुलाच्या पाठच्या भावाला धोका शंभरात पाचाच्या आसपास आणि बहिणीला शंभरात एकाच्या आसपास मानतात. उणीव मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागात असेल तर धोका बराच वाढतो, शंभरात दहाच्या वर. म्हणून लांबी किती निघाली हे ऑपरेशनच्या अहवालात लिहून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा. मुलगा-सून दुसऱ्या बाळाचा विचार करतील तेव्हा त्यांनी जनुकतज्ज्ञांना भेटावं. रेटमधले मोजके बदल थायरॉइडच्या एका कर्करोगाशीही जोडलेले आहेत, त्यामुळे तपासणीत तसा बदल निघालाच तर तो घरातल्या मोठ्यांच्याही कामाचा असतो. दुसरं बाळ व्हावं की नको, ह्यावर मत देण्याचं काम मात्र त्या दोघांवर सोडा.

सुनेशी काय बोलायचं? थोडंच बोला. "ग्रहणाचं मी बोलले ते चुकीचं होतं. मी तारखा बघितल्या, त्याचा काहीही संबंध नाही. तुझी काही चूक नाही." इतकंच. "मी काळजीपोटी बोलले" हे त्याला जोडू नका, त्याने माफी पातळ होते. 'तेव्हाच सांगितलं होतं' हे ज्यांच्यासमोर म्हणालात, त्या सगळ्यांसमोर हेही म्हणा. जावेला, शेजारणीला फोन करून सांगा, कारण तुमचं ते वाक्य एव्हाना त्या घरांत पोचलेलं असणार. सून लगेच विरघळेल असं धरून चालू नका. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाळाला ऑपरेशनला पाठवलेली बाई आहे ती, आणि त्यातच तिला ते ऐकावं लागलं. मला तिचा राग अगदी रास्त वाटतो. हे सदर कापून तिच्या हातात देऊ नका. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला.

त्यापेक्षा उपयोगाचं म्हणजे पिशवी बदलायला शिका. रुग्णालयातल्या नर्सकडून एकदा नीट बघून घ्या: जुनी हळूच सोडवणं, कोमट पाण्याने पुसून कातडी पूर्ण कोरडी करणं, छिद्राच्या मापाने चकती कापणं, कडेला फट न ठेवता बसवणं. बाहेर आलेलं आतडं लाल आणि ओलसर दिसलं पाहिजे. काळं-निळं पडलं तर ताबडतोब डॉक्टर. रात्रीची एक पाळी तुम्ही घेतलीत तर सुनेला सलग झोप मिळेल.

आणि घरातले काही उपाय आता बंद. एरंडेल नाही, घुटी नाही, शी व्हावी म्हणून तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ तर अजिबात नाही. आत्ताही नाही आणि ऑपरेशननंतर जोडलेला भाग भरत असताना तर मुळीच नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला दिवसातून पुष्कळदा पातळ शी होईल, ढुंगणाची कातडी सोलवटेल. दर वेळी धुऊन कोरडं करायचं आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंकचं मलम जाड थापायचं. काही मुलांना पुढे काही वर्षं बद्धकोष्ठ किंवा कपड्यात शी होण्याचा त्रास राहतो. तो हट्ट किंवा आळस नसतो, हे शाळेत घालाल तेव्हा तिथल्या बाईंना आधीच सांगून ठेवा. तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील.

शेवटी एक लक्षण, जे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. ह्या बाळांना ऑपरेशनआधी आणि नंतरही आतड्याचा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो काही तासांत गंभीर होतो. पोट टम्म फुगणं, ताप, घाण वासाची स्फोटासारखी पातळ शी, उलट्या, बाळ मलूल पडणं. जुलाब समजून ओआरएस पाजत बसू नका आणि सकाळची वाट बघू नका. बाळाला घेऊन थेट रुग्णालय गाठा, ऑपरेशनची फाइल बरोबर ठेवा, आणि तिथे जो डॉक्टर भेटेल त्याला पहिल्या वाक्यात 'हिर्शस्प्रुंगचं बाळ आहे' असं सांगा.